आखाजीची सायंकाळ

वैशाख शुद्ध तृतीयेच्या सुमारास गिरणेकांठच्या भडगांवांत उन्हाचा ताप एवढा असतो कीं, भर दुपारीं रस्त्यावर माणूस दिसणें कठीण. रब्बीचें धान्य घरांत आलेलें असतें आणि खरिपाच्या पेरणीला अजून अवकाश असतो. शेतकऱ्याच्या वर्षांत विसाव्याचे दिवस थोडे, त्यांतलेच हे. या दिवसांत येणारी अक्षय्यतृतीया इतरत्र मुख्यत्वें शुभ मुहूर्त म्हणून ओळखली जाते. खानदेशांत मात्र ती ‘आखाजी’ होते आणि दिवाळीच्या तोडीचा सण ठरते. उन्हें उतरून वारा सुटला, कीं निंबाच्या फांद्यांना बांधलेले झोके हलूं लागतात आणि अहिराणी गाण्यांचे सूर कानीं येतात.

आखाजीला घरीं कोण येतें, हें पाहिलें म्हणजे या सणाचें मर्म ध्यानांत येतें. पहिले येतात ते पूर्वज. त्यांच्या नांवानें नवी घागर पाण्यानें भरून तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवतात. खानदेशांत या खरबुजाला डांगर म्हणतात. पुरणपोळीचा व आमरसाचा घास निखाऱ्यांवर अर्पण करतात. त्यानंतर येतात त्या सासुरवाशिणी लेकी. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणावयास जातो. मुली ज्या गौराईची स्थापना करतात, जिच्यासाठीं टोपलींतल्या मातींत गहूं पेरतात, तीहि माहेरवाशीणच. अखेरीस शंकर तिला न्यावयास येतो आणि तिची पाठवणी होते. तिसरा येतो तो सालदार. त्याच्या चाकरीचें वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजण्याची रीत आहे. जुन्या सालाचा हिशेब पुरा झाला आणि नवें साल अजून ठरलें नाहीं, अशा त्या संधीच्या काळांत तो कोणाचाच चाकर नसतो.

याच तीन माणसांची गांठ दूरच्या जपानांतहि पडते, हें नवल वाटेल. तेथें उन्हाळ्यांत ‘बोन’ नांवाचा सण येतो. 1873 सालीं जपाननें पाश्चात्त्य पंचांग स्वीकारलें, तेव्हांपासून तो कांहीं ठिकाणीं जुलैच्या, तर बहुतेक ठिकाणीं ऑगस्टच्या मध्यास पाळतात. पितरांना वाट दिसावी म्हणून दारीं अग्नि पेटवितात, कंदील लावतात. पुष्कळ घरीं काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय करतात. पितरांनीं घोड्यावरून लवकर यावें आणि गाईवर बसून सावकाश परत जावें, हा त्यांतला भाव. रात्रीं उंच मंचाभोंवतीं फेर धरून सारा गांव नाचतो. आणि जुन्या काळीं दुकानांत राबणाऱ्या उमेदवारांना व घरगड्यांना वर्षांतून दोनच वेळां घरीं जाण्याची मोकळीक मिळे. त्यांतली एक या सणाला लागूनच, सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशीं, असे. सुनांनाहि अशाच प्रसंगीं माहेरचें दर्शन घडे.

तोक्योच्या पश्चिमेस कोगानेइ येथील उद्यानांत 1993 सालीं उघड्यावरचें एक वास्तुसंग्रहालय स्थापन झालें. जुनीं घरें, दुकानें, 1929 सालचें एक सार्वजनिक स्नानगृहसुद्धां, मूळ जागेवरून हलवून तेथें पुन्हां उभारलीं आहेत. ही कल्पना मूळची युरोपांतली. स्टॉकहोम येथें आर्टुर हाझेलियस यानें 1891 सालीं ‘स्कान्सेन’ उघडलें, तें या जातीच्या संग्रहालयांचें आद्यपीठ मानतात. कोगानेइच्या संग्रहालयांत उन्हाळ्यांत संध्याकाळच्या गारव्याचा सण भरतो. कंदील लागतात, नृत्याचा फेर धरला जातो. शहरांतलीं मुलें आजोबांच्या काळची गल्ली डोळ्यांनीं पाहतात. हा लाभ लहान नाहीं. परंतु त्या घरांत कोणी परतून येत नाहीं. रात्र झाली म्हणजे पाहुणे आपापल्या घरीं जातात, आणि ज्यांच्यासाठीं दार उघडावें असें माणूस मागें उरत नाहीं.

आखाजीवर आज तीच वेळ येऊं पाहत आहे काय? सालदारी ओसरत चालली आहे, आणि तिच्यासाठीं कोणी अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. लेकींना आतां माहेराच्या वाटेसाठीं मुराळ्याची प्रतीक्षा करावी लागत नाहीं, तेंहि भल्याचेंच. पण झोक्यावरच्या गाण्यांना जी धार होती, ती याच दुःखांतून आली होती. वर्षभर तोंडाला कुलूप लावलेली सून त्या दिवशीं मोकळेपणानें सासरचीं गाऱ्हाणीं गात असे. दुःख सरलें हें बरें झालें. पण त्याबरोबर तें बोलण्याची भाषाहि सरली, तर नातींना आजींची ओळख कोठून पटावी?

या जिल्ह्यांतच याचें उत्तर घडून गेलें आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी 1951 सालीं निवर्तल्या. त्यांना लिहितां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत सुचलेलीं त्यांचीं गाणीं मुलानें, सोपानदेवांनीं, व एका आप्तानें कागदावर उतरून घेतलीं, म्हणूनच 1952 सालीं तीं ग्रंथरूपानें महाराष्ट्रापुढें आलीं. त्यांत आखाजीचेंहि गाणें आहे. तें काम ना सरकारनें केलें, ना संग्रहालयानें; तें घरांतल्या माणसांनीं केलें.

घराच्या तुळया मोजून, त्यांवर खुणा घालून, तें शंभर कोसांवर नेतां येतें. गाणें असें उचलून नेतां येत नाहीं. तें म्हणणाऱ्याजवळ बसूनच घ्यावें लागतें. पुण्यामुंबईस स्थायिक झालेलीं खानदेशी कुटुंबें सुटींत भडगांव, पाचोरा, चाळीसगांवच्या वाटेनें गांवीं जातातच. येत्या आखाजीला घागर भरून झाल्यावर, उन्हें उतरलीं म्हणजे, घरांतल्या सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ वही घेऊन एखाद्या मुलीनें बसावें. आजी प्रथम म्हणेल, आतां कांहीं आठवत नाहीं. मुलीनें उठूं नये.