सावंतवाडीचा राजवाडा

सावंतवाडीच्या मोती तलावाजवळ जांभ्या दगडाचा राजवाडा उभा आहे. सावंत-भोसले घराण्याचं हे घर, तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतलं, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातलं. दरबार हॉलमध्ये सिंहासन आहे, जुनी छायाचित्रं आहेत; पण डोळे भरून पाहावी ती गंजिफा. हातानं रंगवून लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते! दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. याच घराण्यातले शिवरामराजे आणि त्यांच्या राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यातच आसरा दिला. राणीसाहेब तर स्वतः ती शिकल्या. केवढं मोठं काम! कोकणात गेलात, तर इथल्या चितारींचं काम शेजारी उभं राहून जरूर पाहा.