दोन रुळांमधील अंतर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि समाजकार्य या विषयांवर बोलण्याचा अधिकार असलेली मंडळी या सभागृहात पुष्कळ आहेत. आमच्या वाट्याला मात्र आगगाडीचा रूळ आला आहे, आणि तोही बोटभर रुंदीच्या वाटेचा. गेल्या गणेशोत्सवात सवाई माधोपूर स्थानकाचा जो देखावा आपण पाहिलात, त्याचे रूळ आम्ही चार-पाच सभासदांनी हाताने जुळविले. ते का व कसे, हे सांगण्याची आज्ञा कार्यकारिणीने केली. आमच्यापैकी कोणालाही या कामाचा पूर्वानुभव नव्हता. तेव्हा हे तज्ज्ञांचे व्याख्यान न मानता शिकाऊंचा कबुलीजबाब मानावा, ही विनंती.

प्रथम ‘का’ याचे उत्तर. आपले मंडळ स्थापन झाले त्या काळी मुंबईहून जयपूरला सरळ गाडी नव्हती. रतलाम-कोटामार्गे ब्रॉडगेजने सवाई माधोपूरपर्यंत यावे, तेथे बाडबिस्तरा उतरवावा आणि जयपूरच्या मीटरगेज गाडीत चढावे, असा क्रम असे. काही मंडळी अहमदाबादेस गाडी बदलून येत. १८७० मध्ये लॉर्ड मेयोंच्या कारकीर्दीत काटकसरीसाठी मीटरगेजचे धोरण स्वीकारले गेले आणि त्याच दशकात जयपूरला आगगाडी आली ती अरुंद रुळांवरून. ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, मीटरगेजचे १०००. या ६७६ मिलिमीटरांच्या फरकापायी किती कुटुंबांनी फलाटावर रात्री काढल्या, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना विचारावे. १९९० च्या दशकात हे मुख्य मार्ग रुंद झाले. सीकरकडची मीटरगेज त्यानंतरही दोन दशके टिकली, मग तीही गेली. आज आपल्या मुलांना मीटरगेज हा शब्दही ठाऊक नाही. म्हणून हा देखावा करण्याचे ठरले.

छोट्या आगगाडीचा नाद आपल्या लोकांना नवा नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या जयविलास महालात भोजनाच्या मेजावरून फिरणारी चांदीची गाडी प्रसिद्धच आहे. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. आम्ही तेथे जाऊन आलो आणि भारावून परतलो. परंतु काम हाती घेताच पहिली अडचण उभी राहिली. छंदाच्या बाजारात सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. त्या प्रमाणात सहज मिळणारा तयार रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजचा. आपली ब्रॉडगेज त्या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते व मीटरगेज साडेअकरा. तयार रूळ आपल्या दोन्ही वाटांना परकाच! एका सभासदांच्या चिरंजीवांनी परदेशातून १२ मिलिमीटर रुळावर चालणारे एक लहान इंजिन आणले होते. तेव्हा मीटरगेजसाठी १२ हे अंतर मुक्रर केले आणि दोन्ही वाटा हातानेच करावयाच्या ठरल्या.

आता ‘कसे’. प्लायवुडच्या फळीवर मार्गाचा नकाशा मूळ मापाने काढून चिकटविला. मीटरगेजचा लाकडी स्लीपर १८०० मिलिमीटर लांब असे. आमचा झाला पावणेएकवीस मिलिमीटर. विजेच्या उपकरणांत वापरतात त्या तांब्याचा पातळ थर असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कापून हे स्लीपर केले. तीन मीटरच्या वाटेला ते सुमारे पावणेचारशे लागले. प्रत्येकाच्या मध्यभागी कानशीने तांबे खरवडून काढावे लागते, नाहीतर एका रुळातील वीज दुसऱ्यात उतरते. मंडळाच्या मुलांनी हे कंटाळवाणे काम डिसेंबरच्या सुट्टीत भेंड्या लावीत पुरे केले. रूळ निकेल, तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचा, १.९ मिलिमीटर उंचीचा घेतला.

रूळ स्लीपरला डाख देऊन जोडावयाचा. पहिल्या आठवड्यात आमच्या डाखाचे नुसते मणी होऊन घरंगळत. अखेर जौहरी बाजारातील एका वृद्ध कारागिरास हात जोडले. त्यांनी आमचे काम क्षणभर पाहिले व म्हणाले, “तुम्ही डाख तापविता. धातू तापवा, डाख आपण होऊन धावेल.” रूळ घासून स्वच्छ केला, राळ लावली, तापलेले टोक रुळाला टेकविले, आणि डाख खरोखरच पाण्यासारखा पसरला.

दुसरी चूक आमच्या अज्ञानाची. आम्ही बारा मिलिमीटर मोजले ते एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. गेज मोजावयाचे असते आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. रुळाच्या माथ्याची रुंदी पाऊण मिलिमीटर. तेवढेच अंतर कमी पडले आणि इंजिनाची चाके रुळांवर चढून बसली. सबंध रूळ उकलावा लागला. मग शहाणे होऊन आधी एकच रूळ पक्का केला, दुसरा मापाच्या साच्याने दर पाचव्या स्लीपरला टाचला, रिकामा डबा ढकलून पाहिला आणि नंतरच उरलेले सांधले.

तिसरा धडा जयपूरच्या उन्हाने दिला. हिवाळ्यात सलग जोडलेला तीन मीटरचा रूळ मे महिन्यात मधोमध फुगून स्लीपरवरून सुटला. थंडीतील दहा अंशांपासून उन्हाळ्यातील पंचेचाळीसपर्यंत एवढा रूळ दीड मिलिमीटरहून अधिक वाढतो. खऱ्या मार्गावर रुळांच्या जोडांत फट का सोडत, हे शाळेत पाठ केले होते. समजले ते तेव्हा. वाट बदलणाऱ्या सांध्याने तर आमची परीक्षाच पाहिली. त्याची निमुळती पाती कानशीने घासावी लागतात आणि चाकाची कड जाण्यापुरतीच फट राखावी लागते. दोन सांधे टाकून दिले. तिसऱ्यावरून इंजिन न अडखळता गेले, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते व आम्ही साठी उलटलेली माणसे टाळ्या वाजवीत होतो.

सवाई माधोपूरची हुबेहूब प्रतिकृती केल्याचा आमचा दावा नाही. फलाटाच्या एका अंगास रुंद वाट, दुसऱ्या अंगास अरुंद, एवढेच दाखविले होते. उत्सवात एका मुलाने विचारले, “पण गाडी बदलायची कशाला? हीच पुढे का नाही गेली?” आम्ही उत्तर देण्याआधीच त्याने रुंद वाटेवरचा पुठ्ठ्याचा डबा उचलून अरुंद रुळांवर ठेवून पाहिला. चाके दोन्ही बाजूंनी बाहेर राहिली. तो गप्प झाला. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या एका वयोवृद्ध भगिनी त्याला म्हणाल्या, “बाळ, मुंबईची गाडी उशिरा आली की जयपूरची निघून गेलेली असायची. मी याच फलाटावर ट्रंकेला टेकून रात्र काढली आहे. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता.” मुलाने त्यांच्याकडे पाहिले, मग फलाटाकडे. त्यानंतर अर्धा तास तो प्रश्न विचारीत होता, आणि त्या मराठीत उत्तरे देत होत्या.

मित्रहो, रूळ आणि रुळणे हे शब्द व्युत्पत्तीने एक असोत वा नसोत, आमच्या अनुभवात ते एक झाले. या शहरात आपण रुळलो तेही असेच: चुकीचे माप उकलून, पुन्हा जोडून, उन्हाळ्यासाठी थोडी फट राखून. ज्यांनी ती गाडी बदलली, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. म्हणून एकच प्रार्थना. ज्यांच्यापाशी त्या प्रवासाची तिकिटे, छायाचित्रे वा नुसत्या आठवणी असतील, त्यांनी त्या मंडळाकडे द्याव्यात. आणि दर रविवारी सायंकाळी मुलांना आमच्याकडे धाडावे. देखाव्याची फळी मंडळाच्या कार्यालयात आहे, रुंद वाट अजून एकच मीटर झाली आहे, आणि डाख देणारे हात कमी पडत आहेत.



जय हिंद! जय महाराष्ट्र!