ध्रुवावरचा बर्फ आणि आपली मुले

(वार्षिक समारंभातील भाषण)



नववीच्या वर्गात मी ध्रुवप्रदेशाविषयी शिकविले. दुसऱ्या दिवशी एक पालक भेटले. म्हणाले, "सर, तिकडचा बर्फ वितळला तर आमच्या अकोल्याचे काय बिघडते? पोराला हिशेब शिकवा."

भाईसाहेब, हा हिशेबच आहे!

उत्तर ध्रुवाकडील समुद्रावरच्या बर्फाची उपग्रहांनी घेतलेली सलग नोंद १९७९ पासून आहे. तेथे हिवाळाभर अंधार आणि वर ढग. साध्या छायाचित्रात काय दिसणार? म्हणून बर्फातून आणि पाण्यातून निसर्गतः निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतात. सप्टेंबरात बर्फ सर्वांत कमी उरतो. १९८० च्या सुमारास तो सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर उरत असे. २०१२ साली सुमारे ३४ लाखच उरला. एखाद्या वर्षी आकडा थोडा वर जातो, पण सगळी वही चाळली की उतार स्पष्ट दिसतो.

कोळसा आणि तेल जाळल्याने हवा तापते, हे मूळ कारण. त्यात आणखी एक भर पडते. मे महिन्याच्या उन्हात आपण डोक्याला पांढरा रुमाल बांधतो, काळा नाही. पांढरा बर्फ ऊन परतवितो. तो गेला की खालचे काळे पाणी तेच ऊन शोषते आणि उरलेला बर्फही वितळवू लागते.

आता अकोल्याचे. गोव्यात राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी इतरांसह २०२१ साली असे मांडले की, उत्तरेकडील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संबंध असावा. सप्टेंबरात आपले सोयाबीन शेंगांवर आणि कपाशी बोंडांवर असते, हे मी वऱ्हाडात सांगायला नको. शास्त्रज्ञ 'असावा' म्हणतात. 'आहेच' म्हणण्यासाठी आणखी पुष्कळ वर्षे मोजावे लागेल. ते कोण मोजणार?

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले डॉ. सय्यद जहूर कासिम भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी ती गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. ते जन्मले अलाहाबादेत. तेथे कोठला बर्फ?

म्हणून पालकांना विनंती, दहावीनंतर मुलाला, आणि विशेषतः मुलीला, "विज्ञान घेऊन काय करणार?" असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. आणि विद्यार्थ्यांनो, शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवू या. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा, वहीत लिहा. सुट्टीचा दिवसही चुकवू नका. ध्रुवावरचे शास्त्रज्ञ याहून वेगळे काही करीत नाहीत.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद.