विचारले, तर उत्तर द्यावे



आपण मराठीचे शिक्षक बडोद्याच्या सयाजीगंजात जमलो आहोत. इथून कमाटीबाग हाकेच्या अंतरावर आहे. १९१७ साली जातीपायी राहती जागा सोडावी लागली तेव्हा डॉ. आंबेडकर त्या बागेतल्या झाडाखाली बसले होते, हे बडोद्यातला प्रत्येक शिक्षक मुलांना सांगतो. त्यांनीच १९३४ साली मुंबईच्या कोर्टात लढवलेला एक खटला मात्र आपण सांगत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या शंकांना उत्तरे देत. त्यांत हस्तमैथुनाचे, समलिंगी संबंधांचे प्रश्न असत. सरकारला ती उत्तरे अश्लील वाटली. बाबासाहेबांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. माणसे मनापासून विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय माहिती देणे हा गुन्हा कसा, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. कर्वे स्वतः गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेज सोडावे लागले होते.

कर्व्यांपुढचा तोच प्रश्न आज आपल्यापुढे आहे. समलिंगी नात्यांचा उल्लेख वर्गात करावा का, असे शिक्षक मला विचारतात. माझे उत्तर ‘हो’ आहे, आणि ते मी आपल्याच विषयातल्या एका माणसाकडे पाहून देतो.

डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. महाराष्ट्र साहित्य परिषदेने गौरवलेले कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये काहीजण त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रीकरण केले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांना. निवृत्ती काही महिन्यांवर होती. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ तारखेला ते घरात मृतावस्थेत सापडले. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्या आपल्या सर्वांचे ते सहकारी होते. त्यांचे नाव आपल्या स्टाफरूममध्ये कितीदा निघाले?

वर्गात प्रेमाचा विषय रोज निघतो. नल-दमयंती शिकवताना कुणी पालक तक्रार घेऊन येत नाही, कारण आपण शय्यागृह शिकवत नाही, ओढ आणि विरह शिकवतो. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्याबद्दलही तेवढेच, त्याच स्वरात सांगायचे आहे. अकरावी-बारावीला विजय तेंडुलकरांचे नाट्यलेखन सांगताना समलिंगी प्रेमावरचे ‘मित्राची गोष्ट’ वगळायचे कारण नाही. चित्रकलेच्या तासाला चित्रकार भूपेन खख्खर येतातच. त्यांनी याच बडोद्यात राहून पुरुषांमधले प्रेम रंगवले. ते झाकून त्यांची चित्रे समजावता येत नाहीत.

‘असले काही सांगितले तर मुले बिघडतील,’ ही पालकांची भीती मी हलकी मानत नाही. पण माहिती मिळाल्याने कुणाची ओढ बदलत नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० मध्येच समलैंगिकता हा आजार नव्हे असे ठरवले. आपण गप्प राहिलो तरी मुलाला शब्द कळतातच. मधल्या सुट्टीत ‘बायल्या’, ‘छक्का’ ऐकू येते आणि शेजारून जाणारे मास्तर काही बोलत नाहीत. त्या न बोलण्यातून चिडवणाऱ्यालाही एक धडा मिळतो, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलालाही. तिथे थांबून ‘हा शब्द या शाळेत चालणार नाही’ एवढे म्हणायला पाठ्यपुस्तकाची परवानगी लागत नाही.

वय पाहून बोलावे, हे खरेच. पाचवीतल्या मुलाला ‘काही माणसांचे प्रेम आपल्यासारख्याच माणसावर जडते’ एवढे पुरे. दहावीतल्याला कायदाही सांगावा.

आणि एखादा विद्यार्थी वर्ग सुटल्यावर एकटा मागे थांबला, अडखळत स्वतःविषयी काही बोलला, तर लगेच घरी फोन लावू नका. घरात त्याला मार बसेल का, शाळा सुटेल का, लग्नाची घाई होईल का, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. आईवडिलांना सांगायचे की नाही, कधी आणि कुणी सांगायचे, हे आधी त्यालाच विचारा.