डबल डच, कोरकू आणि आपण

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमातील भाषण)



आज गाणं आहे, नाच आहे, मध्यंतरात बटाटेवडे आहेत आणि या सगळ्याच्या मधे आमचं हे छोटंसं भाषण. कार्यकारिणीनं विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, 'बडबड'. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "ते माहीत आहे हो, विषय काय?"

तर विषय खरंच तोच आहे. समोरचा बोलतो आणि आपल्याला काही कळत नाही, अशा बोलण्याला जगात काय काय म्हणतात? इंग्रजीत या शब्दांची नुसती रेलचेल आहे. त्यातला एक आपल्या घरचा आहे: 'डबल डच'. ज्या देशात आपण भाड्याचं घर घेतलं, मग विकत घेतलं, मुलांना शाळेत घातलं, त्या देशाच्या भाषेचं नाव इंग्रजांनी 'अगम्य बोलणं' म्हणून वापरलं. सतराव्या शतकात, १६५२ ते १६७४ या काळात, इंग्रज आणि डच यांच्यात समुद्रावरच्या सत्तेसाठी तीन युद्धं झाली. १६६७ साली डच आरमारानं थेट मेडवे नदीत शिरून इंग्रजांचं 'रॉयल चार्ल्स' हे जहाज ओढून आणलं. त्याच्या मागच्या बाजूचं कोरीव काम अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आजही बघता येतं. पाहुणे आले की आपण त्यांना रेम्ब्रांट दाखवतो, एकदा हेही दाखवा. शेजाऱ्याशी असं वैर असलं की त्याच्या नावानं वाईट शब्द तयार होतात. 'डबल डच' पुष्कळ नंतर रुळला, पण 'डच' या शब्दाला इंग्रजीत चिकटलेली खवट चव जुनीच.

आणि खरं सांगायचं तर इथे आल्यावर पहिले सहा महिने इंग्रजांचं म्हणणं आपल्यालाही पटलं होतं. घशात माशाचा काटा अडकल्यासारखा तो 'ख'! निळं पाकीट आलं की ते तसंच्या तसं घेऊन जुन्या सभासदाच्या घरी धावायचं. अशा सरकारी भाषेसाठी इंग्रजीत 'गॉबल्डिगूक' हा शब्द आहे. मॉरी मॅव्हरिक नावाच्या टेक्ससच्या पुढाऱ्यानं १९४४ साली तो वापरात आणला. कचेरीतली भाषा ऐकून त्याला टर्की कोंबड्यांचा कलकलाट आठवायचा.

बरं, डच माणसाला काही कळलं नाही तर तो काय म्हणतो? तो म्हणतो, हे मला 'शिनेस' आहे, म्हणजे चिनी. इंग्रज त्याच अर्थानं ग्रीकचं नाव घेतो, शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकापासून ते सर्वांना ठाऊक झालं. डचमध्ये 'कूटरवाल्स' असाही एक शब्द आहे. त्यातला 'वाल्स' म्हणजे मुळात परका, न कळणारी भाषा बोलणारा. 'वेल्स' या देशाचं नावही त्याच कुळातलं. म्हणजे वेल्सच्या लोकांना त्यांच्याच भूमीत परकं ठरवून इंग्रज मोकळे! ग्रीकांनी इतरांचं बोलणं 'बर बर' असं ऐकलं आणि 'बार्बारोस' म्हटलं. इंग्रजीतला 'मम्बो-जम्बो' पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंका लोकांच्या एका मुखवटाधारी सोंगाशी जोडतात. त्या लोकांना त्या सोंगाचा अर्थ पक्का माहीत होता. कळत नव्हतं ते पाहुण्याला.

सगळीकडे गंमत तीच. दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा आणि नाव बोलणाऱ्याला.

आपण यात कुठे बसतो? आपल्याकडे बडबड, वटवट, बरळणं, चऱ्हाट, पाल्हाळ, बाष्कळपणा असे भरपूर शब्द आहेत आणि ते तसे निरुपद्रवी आहेत, घरातल्या घरात वापरायचे. पण 'म्लेच्छ' घ्या. त्याचा मूळ धातू अस्पष्ट बोलण्याचा. पतंजलीच्या महाभाष्यात असुर हरतात ते 'र'च्या जागी 'ल' म्हटल्यामुळे! (आपल्या घरातल्या डच वळणाच्या 'र'चं पतंजलीनं काय केलं असतं, देव जाणे.) आणि दक्षिणेकडच्या भाषा ऐकू आल्या की आपणच म्हणतो ना, 'काय यंडुगुंडु चाललंय?' तेलुगू, तमिळ बोलणारे आपले मित्र आज या सभागृहात आहेत, त्यांची जाहीर माफी मागूनच पुढे जातो.

आता आमच्यापैकी एका घरातली गोष्ट. मुलगा चार वर्षांचा झाला, इथल्या रिवाजाप्रमाणे शाळेत गेला. तीन महिने वर्गात त्यानं तोंड उघडलं नाही. बाईंनी आईवडिलांना बोलावलं, म्हणाल्या, याचे कान तपासून घ्या. कान तपासले, उत्तम निघाले. घरी तर हा पोरगा आजीशी झोपेपर्यंत अखंड मराठी बोलत होता! मग एक मदतनीस बाई रोज त्याला शेजारी घेऊन चित्रांचं पुस्तक दाखवायला लागल्या. थोड्याच दिवसांत घरी येऊन तो बोट दाखवून म्हणाला, "आजी, दार!" आजी उठून दार उघडायला गेली. बाहेर कोणीच नाही. डचमध्ये 'दार' म्हणजे 'तिकडे'. आज तो मोठा झाला आहे आणि आपल्या डचला हसतो.

हे सगळं सांगितलं ते मेळघाटासाठी.

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळीची नातलग. मराठीशी तिचं नातं तितकंच लांबचं, जितकं आपल्या कानाला पहिल्या दिवशी डच होतं. किंबहुना जास्तच, कारण डच आणि मराठी निदान एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र धरून सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी कोरकू ही मातृभाषा नोंदवली. आम्हांला कोरकू येत नाही, दोन शब्द शिकलोय. 'डा' म्हणजे पाणी आणि 'जोम' म्हणजे खाणं. आपल्या कानाला 'जोम' म्हणजे जोर, उत्साह. पहिलीतलं पोर 'जोम' म्हणालं तर त्याला भूक लागली आहे, हे फक्त मराठी येणाऱ्या गुरुजींना कसं कळावं? आणि गुरुजींचं सगळं बोलणं त्या पोराला डबल डच.

मग पोर गप्प बसतं. गप्प बसलं की 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. पुढे शाळा सुटते. यात गुरुजींना दोष देणं सोपं आहे, आम्ही देणार नाही. त्यांच्या हातात पुस्तक असतं तेच मुळी मराठीत. राज्यघटनेचं ३५० क हे कलम १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा असं सांगतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषा आहे, पण 'व्यवहार्य असेल तेथवर' असं म्हणून. या तीन शब्दांत बरंच काही अडकून पडतं.

आपल्या पोराला तीन महिन्यांत मदतनीस मिळाली. चित्राखाली दोन भाषांतले शब्द असतील, अशी पुस्तकं त्या पोरांना मिळावीत, एका बाजूला कोरकू, एका बाजूला मराठी, एवढ्यासाठी आजचा निधी आहे. कोरकू शब्द तिथल्याच माणसांकडून लिहून घ्यायचे, आपण इथे बसून शब्दकोशातून नाही, हे मंडळानं आधीच ठरवलं आहे. हिशेब पुढच्या अंकात छापू, नेहमीप्रमाणे पै-पैचा.

आता वडे गार होतायत, म्हणून थांबतो. देणगीची पेटी कुठे आहे म्हणाल, तर मराठीत विचारा नाहीतर डचमध्ये, उत्तर एकच: दार!