परीक्षा आणि उद्योग



आमच्या धाकट्याची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. रात्री एकपर्यंत दिवा जळे. मी मनात सुखावे. एके रात्री दूध घेऊन गेले, तर पुस्तक मिटलेले आणि संगणकावर भलताच उद्योग! बोलायचे ते बोलले. तो म्हणाला, "आई, बघ तरी." दोन कळा दाबताच एक चौकट उघडली, तीत 'हिशे' एवढे लिहिले, तोच आपल्या मंडळाचा जमाखर्च पुढे! तो शोधताना माझा जीव मेटाकुटीला येई.

ही करामत तो फुकट देणार. आतली घडणही सर्वांना खुली, कुणीही सुधारावी. लिनक्सदेखील १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोर्वाल्ड्सने विद्यार्थिदशेतच, वयाच्या २१ व्या वर्षी, हौसेने सुरू केले, असे त्याने ऐकवले. त्याची आई काय म्हणाली असेल कोण जाणे!

मी त्याला रोजचा एक तास दिला. तरी तो एका विषयात राहिलाच. तास देण्यात माझे चुकले का, हे अजून ठरत नाही. परवा परदेशातल्या कुणा अनोळख्याने त्यातली चूक दुरुस्त करून पाठवली, ते सांगायला तो धावत स्वयंपाकघरात आला. मी आधी राहिलेल्या विषयाचे पुस्तक कुठे आहे ते विचारले, मग हात पुसून बघायला गेले.