हवाई छायाचित्रांवरून नकाशा : पडदा आणि हातचाके यांची निवड



कालव्याचा मार्ग असो की घाटातील रस्त्याची चढण, ती आधी नकाशावर ठरते आणि मग जमिनीवर उतरते. असे नकाशे बव्हंशी हवाई छायाचित्रांवरून तयार होतात. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांचीही छायाचित्रे ड्रोनने घेतली जाऊ लागली, त्यामुळे पंचायत सदस्यांना हा विषय आता परका राहिलेला नाही.

विमान पुढे सरकत असताना लागोपाठची दोन छायाचित्रे सुमारे ६० टक्के एकमेकांवर येतील अशी घेतली जातात. एकच शेत दोन ठिकाणांहून टिपले जाते. त्यांतील एक चित्र डाव्या डोळ्याला व दुसरे उजव्या डोळ्याला दाखविले, की टेकडी वर उठते आणि नाला खाली जातो. (चित्रांची अदलाबदल झाली, तर टेकडीचा खड्डा होतो!) या उठावावर एक प्रकाशबिंदू टेकवून तो जमिनीलगत फिरविणे, हे समोच्च रेषा काढण्याचे मर्म होय. बिंदू किंचित अधांतरी राहिला तरी रेषा चुकते, आणि सपाट मुलखात तेवढ्या चुकीने कालव्याचे पाणी अडते.

पूर्वी हे काम अवजड आलेखनयंत्रांवर होत असे. आता ते संगणकाच्या पडद्यावर होते, आणि खरेदीचा प्रश्न तेथेच उभा राहतो. झडपांच्या चष्म्याच्या पद्धतीत पडदा सेकंदाला १२० चित्रे दाखवितो. प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ६० येतात. चित्र रेखीव दिसते, पण उजेड कमी होतो. शिवाय आपल्याकडील वीजप्रवाह ५० आवर्तनांचा असल्याने जुन्या ट्यूबलाइटखाली हा चष्मा लावला की खोली लुकलुकते. दुसऱ्या पद्धतीत ध्रुवीकरणाचा साधा, हलका चष्मा पुरतो; मात्र एकाच पडद्याच्या ओळी दोन डोळ्यांत वाटल्या गेल्याने बारकावा निम्मा होतो. दोन पडदे व त्यांमध्ये अर्धपारदर्शक आरसा ही तिसरी रचना. तीत बारकावा टिकतो आणि डोळ्यांनाही आराम मिळतो, पण ती महाग असते व टेबल अडविते. दिवसभर रेषा काढणाऱ्यासाठी तीच उजवी म्हणावी लागेल.

केवळ स्वस्ताईकडे पाहणे धोक्याचे. एनव्हिडिया कंपनीने खेळांसाठी काढलेल्या त्रिमिती चष्म्यांचा आधार २०१९ मध्ये काढून घेतला. चष्मे शाबूत राहिले, पण कंपनीच्या नव्या आज्ञावलीत त्यांना स्थान उरले नाही. पडदा, चष्मा, चित्रपत्र व नकाशाची आज्ञावली यांचा मेळ लेखी मागून घ्यावा, तो यासाठी.

हाताच्या साधनांत जुनी रीत अद्याप टिकून आहे. दोन हातचाकांनी बिंदू आडवा-उभा सरकतो, पायाखालच्या तबकडीने वर-खाली होतो. या यंत्रांवर हात बसलेल्या कर्मचाऱ्याला तीच द्यावीत. नव्याला उंचीचे चाक व अनेक कळी असलेला त्रिमिती माउस लवकर साधतो. साध्या माउसवर घरांचे कोपरे टिपता येतील. मैलभर समोच्च रेषा ओढताना मनगट दुखू लागेल.

काही व्यक्तींना दोन चित्रांतून उठाव दिसतच नाही. तो दृष्टीचा भाग आहे, कामचुकारपणा नव्हे. नेमणुकीपूर्वीच तपासणी झालेली बरी. यंत्राची चाचणीही विक्रेत्याच्या माणसाने नव्हे, ते चालविणाऱ्या कर्मचाऱ्याने करावी. जमिनीवर उंची मोजून ठेवलेले काही बिंदू त्याच्याकडून सकाळी मोजवून घ्यावेत, आणि तेच बिंदू सायंकाळी, डोळे थकल्यावर, पुन्हा.